लहान इंजिन, मोठा हप्ता

परवा रात्री साडेनऊच्या सुमारास धाकटी जाऊ दारात उभी. आमची घरं एकाच गल्लीत, मध्ये फक्त एक पिठाची गिरणी. त्यामुळे कढीपत्ता मागायला, नाहीतर विरजण न्यायला ती केव्हाही येते. पण त्या रात्री तिच्या हातात वाटी नव्हती, फाईल होती. "ताई, परवा सही करायचीय. त्याआधी तुम्ही एकदा बघा," असं म्हणाली आणि ओट्याजवळच पाटावर बसली.

फाईलमध्ये गाडीचं कोटेशन होतं. आमच्या धाकट्या दिरांचं अकलूजला ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. गेली दोन-तीन वर्षं धंदा बरा चालला. आता त्यांना गाडी घ्यायची आहे. साधीसुधी नाही हं! परदेशी नावाची, उंच, 'स्पोर्टी' एसयूव्ही. त्यातल्या त्यात सगळ्यात लहान इंजिनाची, म्हणजे त्या कंपनीच्या हिशेबात 'स्वस्तातली'. स्वस्त म्हणजे किती? तर शोरूमची किंमत पन्नास लाखांच्या घरात.

फाईलमध्येच कर्जाचा अर्ज होता आणि त्यावर दोन नावं होती. पहिलं दिरांचं. दुसरं 'सहकर्जदार' म्हणून जावेचं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दुकानाचं उत्पन्न पावसासारखं, कधी धो धो तर कधी कोरडं. पगाराची स्लिप मात्र दर महिन्याची, म्हणून बँकेला तीही हवी होती. शिवाय सुरुवातीला भरायच्या रकमेतले सहा लाख तिच्या पाटल्या आणि गंठण गहाण ठेवून उभे राहणार होते.

"बाकी मला गाडीतलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण इंजिन लहान आहे असं तेच म्हणतात. मग ताई, एवढे पैसे कशाचे?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न तिनं शोरूममध्येच विचारायला हवा होता. पण तिथे म्हणे सगळी माहिती दिरांना आणि सोबत आलेल्या त्यांच्या मित्राला दिली गेली. हिला विचारलं ते एवढंच, "मॅडम, रंग कुठला आवडला?" घरात रंग आपण निवडायचा आणि हप्ता मात्र दोघांनी फेडायचा, ही रीत काही नवी नाही. घराखालोखाल सगळ्यात मोठा खर्च गाडीचा. पण त्याबद्दल बायकांनी बोलायचं म्हटलं की लगेच "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणून मी ठरवलं, आपण कळून घ्यायचंच. पुढचे दोन दिवस तेच केलं, आणि जे समजलं ते आज तुम्हाला सांगते.

आधी हे 'सीसी' प्रकरण. इंजिनात सिलिंडर असतात, त्यात पेट्रोल आणि हवा जळते. त्या सगळ्या सिलिंडरांत मिळून जेवढी जागा मावते, तिचं माप म्हणजे सीसी. हजार सीसी म्हणजे एक लिटर. आपल्या पिढीला आठवत असेल, १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिचं इंजिन होतं ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आत. मी गाडी शिकले ती तशाच एका पांढऱ्या ८०० वर. पाच माणसं आणि लाडवांचा डबा घेऊन आम्ही दिवे घाट चढलो आहोत, फक्त चढावर एसी बंद करायचा! तेव्हा लहान इंजिन म्हणजे कमी प्रतीचं, असं आपण तरी कधी मानलं नाही.

आणि आताचं लहान इंजिन तर तेवढंही दुबळं राहिलेलं नाही. त्यात 'टर्बो' असतो. टर्बो म्हणजे काय? आपली फुंकणी! चूल धुमसत असली की आजी फुंकणीनं हवा घालायची आणि जाळ भडकायचा. चूल तीच, लाकडं त्याच मापाची, पण हवा जास्त मिळाली. टर्बोत हेच होतं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो, तो जास्तीची हवा आत कोंबतो, त्या हवेबरोबर जास्त पेट्रोल जळतं आणि जोर वाढतो. म्हणून मर्सिडीजच्या जीएलए २०० या गाडीचं इंजिन १३३२ सीसीचंच, पण ताकद १६३ अश्वशक्तीची. बीएमडब्ल्यूची एक्स-१ जानेवारी २०२३ मध्ये आपल्याकडे नव्या रूपात आली, तिच्यातलं लहान पेट्रोल इंजिन १४९९ सीसीचं, १३६ अश्वशक्तीचं. सिलिंडर किती? तीन! म्हणजे आपल्या जुन्या ८०० एवढेच.

फुंकणीचे तोटेही आहेत. फुंकर घातल्यावर जाळ व्हायला जसा क्षण लागतो, तसं अगदी कमी वेगात पाय दाबला की टर्बोची गाडी क्षणभर थबकते आणि मग उसळते. आणि पाय सतत दाबून ठेवला, तर लहान इंजिन पेट्रोल काही लहान तोंडानं पीत नाही. पण रोजच्या चालवण्याला ही इंजिनं कमी पडत नाहीत, हे खरं. जीएलए २०० शून्यापासून ताशी शंभराचा वेग नऊ सेकंदांच्या आत गाठते, असं कंपनी सांगते. आता मला सांगा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरसुद्धा मोटारींना सपाटीला वेगमर्यादा शंभरची आणि घाटात त्याहून कमी. आमच्याकडे तर गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, मागे लाल दिवासुद्धा नसतो. तिथे नऊ सेकंद काय आणि बारा सेकंद काय! तेव्हा 'लहान इंजिन घेऊन फसाल, मोठंच घ्या' असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. अशी गाडी घ्यायचीच असेल, तर लहान इंजिनाची घेण्यात कमीपणा काही नाही.

पण मग जावेचा प्रश्न उरतोच. एवढे पैसे कशाचे?

इथे मला सगळ्यात मोठी गंमत कळली. जीएलएमधलं हे १.३ लिटरचं टर्बो इंजिन मर्सिडीजच्या मूळ कंपनीनं रेनॉ-निस्सानबरोबर मिळून विकसित केलेलं आहे. त्याच घराण्यातलं इंजिन २०२० साली आपल्याकडे रेनॉच्या डस्टरमध्ये आलं होतं, १५६ अश्वशक्तीचं. तेव्हा त्या डस्टरची किंमत सुरू होत होती साडेदहा लाखांच्या आसपास! आणि मे २०२१ मध्ये जीएलए आली ती बेचाळीस लाखांच्या पुढे. इंजिनाची जुळणी थोडी वेगळी, गिअरबॉक्स वेगळा, हे मान्य. पण सख्ख्या नाही तरी चुलत बहिणीच म्हणायच्या या. एक साध्या घरात दिली, एक वाड्यात.

म्हणजे जास्तीचे पैसे इंजिनाचे नाहीत. मग कशाचे? काही खऱ्या गोष्टींचे आहेत. बसायला आराम, आतली शांतता, चांगल्या प्रतीचं सामान, जास्त एअरबॅगा, खराब रस्त्यावरही न हादरणारं अंग. आणि उरलेले, मोठा वाटा, पुढच्या जाळीवरच्या त्या चिन्हाचे. सुरक्षेसाठी एवढे मोजावे लागतात का? तर नाही. टाटाच्या नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरात 'ग्लोबल एनकॅप'च्या अपघात चाचणीत पाच तारे मिळाले. असा मान मिळवणारी ती पहिली भारतीय मोटार. तिचं पेट्रोल इंजिन ११९९ सीसीचं, तेही टर्बो. तिचं चांगलं मॉडेल दहा-बारा लाखांच्या आसपास येतं.

आणि 'एसयूव्ही' या शब्दालाही भुलू नका. जीएलए २०० काय किंवा एक्स-१ ची ही लहान इंजिनाची आवृत्ती काय, या गाड्यांत इंजिनाचा जोर फक्त पुढच्या दोन चाकांना मिळतो. दिसायला उंच, पण पावसाळ्यात उसाच्या फडाकडे जाणाऱ्या चिखलवाटेवर घालायची गाडी ती नव्हे. तिथे आपला जुना ट्रॅक्टरच बरा.

"लहान इंजिनाला कर कमी असतो," असं दिरांनी जावेला सांगितलं होतं. ते पूर्वी थोडंफार खरं होतं. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी पंधराशे सीसीच्या आतल्या मोठ्या गाडीवर जीएसटी आणि उपकर मिळून ४५ टक्के पडायचे, तर पंधराशेच्या वरच्या एसयूव्हीवर ५० टक्के. त्या तारखेपासून दोन्हींवर सरसकट ४० टक्के झाले. १८ टक्क्यांची सवलत मिळते ती खऱ्या लहान गाडीला. पेट्रोलचं इंजिन बाराशे सीसीच्या आत (डिझेलचं पंधराशेच्या), आणि लांबी चार मीटरच्या आत, दोन्ही अटी पाळायच्या. परदेशी नावाच्या या गाड्या दोन्हींतही बसत नाहीत. तेव्हा कराच्या बाबतीत लहान इंजिनाचं कौतुक आता संपलं.

आता हिशेब. त्या रात्री जाऊ नुसती बसून नव्हती, किराण्याच्या यादीच्या पाठीमागे आकडे मांडत होती. पन्नास लाख शोरूमची किंमत. वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर १३ टक्के, म्हणजे साडेसहा लाख. पहिल्या वर्षाचा विमा लाखाच्या वर. वरची किडुकमिडुक धरून अठ्ठावन्न लाख. त्यातले अठरा लाख रोख (पाटल्या-गंठण याच्यातच!) आणि चाळीस लाख कर्ज. व्याज ९ टक्के धरलं आणि मुदत सात वर्षं, तर महिन्याचा हप्ता ६४ हजारांच्या वर. सात वर्षांत बँकेला जाणार चौपन्न लाख. म्हणजे पन्नास लाखांची म्हणून घेतलेली गाडी बहात्तर लाखांना पडली! त्यात पेट्रोल, टायर, दरवर्षीचा विमा आणि सर्व्हिसिंग धरलेलंच नाही. सर्व्हिसिंगला पुणं, जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर. दुकान एक दिवस बंद, ते वेगळंच.

आणि सात वर्षांनी हातात काय? विमा कंपन्यांच्या नेहमीच्या तक्त्यात गाडीची किंमत दुसऱ्या वर्षात २० टक्क्यांनी कमी धरतात, पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी. म्हणजे हप्ते चालू असतानाच गाडी निम्म्यावर. सोनं असतं तर एवढ्या वर्षांत त्याला काय भाव आला असता, हे तुम्हाला मी सांगायला नको.

तुम्ही म्हणाल, ही बाई आली हौसेवर पाणी टाकायला. तसं नाही हो. दुसऱ्या दिवशी मी जावेला म्हटलं, "कागदावरून गाडी कळत नाही. चालवून बघ." शनिवारी आम्ही चौघं पुण्याला गेलो. विक्रेत्यानं किल्ली सवयीनं दिरांपुढे धरली. जाऊ म्हणाली, "मी चालवणार आहे." तो जरा गोंधळला, पण दिली. तिनं सीट पुढे घेतली, आरसे लावले आणि वीस मिनिटं गाडी अशी चालवली की मागे बसलेले आमचे हे "वा!" म्हणाले. परतताना ती बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "ताई, गाडी खरंच छान आहे हो. कंबर अजिबात दुखली नाही."

हे लिहिताना मला लपवायचं नाही. चांगली वस्तू चांगलीच असते. रोज स्कूटीवरून खड्ड्यांतून बारा किलोमीटर शाळेत जाणाऱ्या बाईला त्या सीटवर बसून बरं वाटलं, तर त्यात चूक काय? आणि दिरांचं म्हणणंही अगदीच पोकळ नाही. "वहिनी, दारात अशी गाडी असली की कंपनीचे लोक उधारीवर माल देतात, बँकेचा साहेब खुर्ची देतो," असं ते म्हणाले. खरं आहे ते. आपल्या गावात माणसाला वजन त्याच्या गाडीवरून मिळतं. पण गिऱ्हाईक शेतकरी आहे, तोही ती गाडी बघतो आणि मनात म्हणतो, माझ्याच बिलातून आली ही. तो दर पाडूनच मागणार!

सासूबाई ऐंशीच्या आहेत. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाल्या, "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेतं का गं?"

मला मात्र सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. सहकर्जदार म्हणजे नुसती साक्षीची सही नव्हे. एकानं हप्ता थकवला, तर बँक दुसऱ्याकडून सगळीच्या सगळी रक्कम मागू शकते. पत ढासळते ती दोघांची. उद्या मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी शैक्षणिक कर्ज लागलं, तर हे चाळीस लाख तिच्या नावापुढे दिसणारच. आणि गाडी कोणाच्या नावावर? आरसी बुकावर साधारणपणे एकच नाव असतं, आणि या फाईलमध्ये ते दिरांचं होतं. म्हणजे कर्ज दोघांचं, दागिने तिचे आणि गाडी त्यांची! त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. तसा विचारच कुणी केला नव्हता. आपल्याकडे बऱ्याचदा असंच होतं, वाईट कुणीच नसतं आणि सही मात्र होऊन जाते. स्त्रीधन ही नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता नाही, ते बायकोचंच, आणि अडचणीत नवऱ्यानं वापरलं तरी परत करणं त्याच्यावर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ साली पुन्हा एकदा स्पष्ट केलं. पण न्यायालयात जायची वेळ येण्याआधी स्वयंपाकघरात दोन शब्द बोललेले काय वाईट?

तर मैत्रिणींनो, माझं मत विचाराल तर असं. लहान इंजिनाची ही महागडी गाडी वाईट नाही, दुबळी तर नाहीच. ज्यांच्याकडे पैसा शिल्लक आहे, मुलांची शिक्षणं झाली आहेत, जी रोख देऊन घेतील आणि चार वर्षांनी निम्मी किंमत आली तरी ज्यांची झोप उडणार नाही, त्यांनी खुशाल घ्यावी. मोठ्या इंजिनाच्या मागे लागू नये. पण कर्ज काढून, दागिने ठेवून, पगार अडकवून घ्यायची असेल, तर पैसे वसूल होत नाहीत. कारण आपण घेतो ती बारा लाखांची गरज आणि वरचं सगळं चिन्ह. चिन्हाचा हप्ता सात वर्षं फेडायचा असतो आणि त्याचं कौतुक सात महिन्यांत संपतं.

आणि सहीचा कागद समोर आला, मग तो गाडीचा असो की आणखी कशाचा, तर एवढं तरी विचाराच. एकूण किती रुपये जाणार, नुसता हप्ता नको, सगळी बेरीज सांगा. वस्तू कोणाच्या नावावर? हप्ता थकला तर पहिल्यांदा काय विकायचं? जवळचं सर्व्हिस सेंटर किती लांब, आणि पूर्ण आकाराची स्टेपनी मिळते का? (अशा कितीतरी गाड्यांत ती नसते, आणि रात्री दहाला टेंभुर्णीच्या पुढे चाक बसलं तर काय करायचं, हे विक्रेता सांगत नाही.) आणि शेवटचं, गाडीची किल्ली माझ्याही हातात असणार का?

जावेनं हे सगळं कोटेशनच्या मागे लिहून काढलं आणि दिरांसमोर ठेवलं. दोन दिवस त्यांनी धड जेवणही केलं नाही. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे आले. "वहिनी, हे तुम्हीच भरवलंत ना तिच्या डोक्यात?"

"नाही हो भाऊजी," मी म्हटलं, "गणित तिचंच आहे. चौथीच्या वर्गाला ती गुणाकार शिकवते."

ते हसले, अगदी मनापासून नाही, पण हसले. मग चहा घेता घेता म्हणाले, "एवढी लांबची नाही, तर मग जवळची एखादी बघू. पण ती शाळेला घेऊन जाणार असेल, तर ऑटोमॅटिकच घेऊ."

सही अजून झालेली नाही. पाटल्या तिच्याच हातात आहेत. दिर अजूनही मोबाईलवर त्या गाडीचे फोटो बघत असतात, आणि खरं सांगायचं तर जाऊही कधीकधी बघते. बघायला काय जातंय? फाईल मात्र आमच्या फडताळात, डाळीच्या डब्यांमागे आहे. ती मागायला आली तर देईन. पण तेव्हा सोबत कॅल्क्युलेटरही देईन.